घरी कसं सांगावं? "माझा देवावर विश्वास राहिलेला नाही"

अर्धविराम
गणपती जवळ आले की सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मनात शंका आहेत, घरात आरती आहे, मग आता करायचं काय? शंका येणं सोपं असतं. ती आई-बाबांना, आजीला समजेल अशी सांगणं अवघड. हा धागा त्यासाठी काढला आहे.

माझं मत आधी मांडतो. "माझा विश्वास नाही" हे वाक्य तसंच्या तसं घरात टाकू नये, कारण त्यात बहुतेक वेळा चार वेगवेगळ्या शंका गुंडाळलेल्या असतात. मंगळ असला की जोडीदार दगावतो, ही वस्तुस्थितीबद्दलची शंका झाली. जग चालवणारा कुणी आहे का, ही देवाबद्दलची. तान्ह्या बाळाला कॅन्सर का व्हावा, ही न्यायाबद्दलची. आणि पाळीच्या दिवसांत देवघरात का जायचं नाही, ही प्रथेबद्दलची. सांगणाऱ्याच्या मनात कदाचित यांतली एकच असते. ऐकणाऱ्याला मात्र चारही एकदम ऐकू येतात, आणि पहिल्या मिनिटाला भांडण सुरू होतं.

जाणकारांनी भर घालावी. प्रत्येक शंका नेमकी कशी मांडायची, आणि मांडताना काय बिनसतं?

खडूफळा
चार भाग पटले. एक पायरी त्याच्याही आधीची. बोलण्याआधी कागद घ्यावा, शंका एका वाक्यात लिहावी आणि खाली स्वतःलाच विचारावं: "काय दिसलं तर माझं मत बदलेल?" उत्तर लिहिता आलं तर ती वस्तुस्थितीची शंका, तिच्यावर पुराव्याने बोलता येतं. उत्तर लिहिता येत नसेल तर ती वेगळ्या जातीची शंका आहे आणि तिथे आकडे उपयोगाचे नाहीत. या दोन्हींची गल्लत झाली की पोरगं पृष्ठताण समजावत बसतं आणि आजी म्हणते, "मग आजोबा गेले तेव्हा मला धीर कुणी दिला?" दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

निंबोणी
मंगळापासून सुरुवात करावी. घराघरात ओळखीचा विषय आहे आणि गणित पाचवीचं आहे.

महाराष्ट्रात रूढ असलेल्या नियमानुसार पत्रिकेतल्या लग्नापासून (जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून) १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारातली पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या साधारण ४२ पत्रिका. काही जण चंद्रापासूनही मोजतात. दोन्हींपैकी कुठूनही मंगळ आला तर दोष धरायचा म्हटलं, की हाच आकडा ६६ च्या आसपास जातो. दक्षिणेत दुसरं स्थानही धरतात, तिथे नुसत्या लग्नापासूनच निम्म्या पत्रिका मंगळाच्या होतात.

आता हेच प्रसूतिगृहात नेऊन पाहा. मंगळ एका राशीत सरासरी दीड-दोन महिने असतो, म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या सगळ्या बाळांचा मंगळ एकाच राशीत. लग्न मात्र दर दोन तासांनी पुढे सरकतं. चोवीस तासांतले साधारण दहा तास मंगळाचे, चौदा तास बिनमंगळाचे. सिझेरियन दुपारी बाराऐवजी दोनला झालं तर मुलीचा होणारा नवरा वाचतो, असं मानावं लागेल. बाबांसमोर वहीत बारा चौकोन काढून हे मांडता येतं. त्यांचा अपमान होत नाही आणि आवाजही चढवावा लागत नाही.

बिनसतं कुठे तर अपवादांपाशी. मंगळ मेष किंवा वृश्चिकेत स्वगृही, मकरेत उच्चीचा, गुरूची दृष्टी असली की दोष नाही, अशी लांबलचक यादी पुढे येते. तेव्हा चिडू नये, शांतपणे विचारावं: इतके अपवाद का लागले असतील? मंगळाच्या निम्म्या-शिम्म्या मुलामुलींची लग्नं तर व्हायलाच हवी होती!

चहाबिस्किट
"होणारा नवरा वाचतो" :) हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आहे.

पाटीपेन्सिल
निंबोणी यांना जोड म्हणून नाडीचं सांगते. पत्रिका जुळवतानाच्या छत्तीस गुणांत नाडीला सर्वात जास्त, म्हणजे ८ गुण. २७ नक्षत्रं आद्य, मध्य, अंत्य अशी नऊ-नऊ वाटलेली असल्यामुळे कोणत्याही दोघांची नाडी एक निघण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश. घरी यावर हल्ली "नाडी म्हणजे रक्तगट, आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं" असं ऐकू येतं. नाडी ठरते जन्मवेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता त्यावरून, आणि रक्तगट ठरतो आई-वडिलांच्या जनुकांवरून. बाळ एक दिवस उशिरा जन्मलं तर त्याचं नक्षत्र बदलू शकतं, रक्तगट बदलत नाही.

इथे नुसतं "हे खोटं आहे" म्हणून थांबू नये. आई-बाबांची काळजी खरी असते, होणारं नातवंड निरोगी असावं. त्या काळजीला खरं उत्तर द्यावं: दोघांची थॅलेसेमियाची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची तपासणी. रक्तात एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर ती व्यक्ती बहुधा वाहक असते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (या आजाराचं गंभीर रूप) होण्याची शक्यता २५ टक्के. शंका घेणारं पोर काळजीही घेतंय हे घराला दिसलं की निम्मा राग ओसरतो.

सातमाळा
"आमच्या गुरुजींचं भविष्य खरं ठरतं" यावर सांगण्याजोगा आपल्याच मातीतला प्रयोग आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पुण्यातून केलेला. हुशार शाळकरी मुलं १०० आणि मतिमंद मुलं १००, अशा दोनशे पत्रिका. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवल्या आणि एवढंच विचारलं की कुठली पत्रिका कुठल्या गटातली. उत्तरं आली २७ जणांची, अचूकता सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती.

मांडताना "ज्योतिषी चोर आहेत" असं म्हणू नये. अनेक ज्योतिषी प्रामाणिक असतात, त्यांचा स्वतःचा पूर्ण विश्वास असतो. पत्रिकेतून ती माहिती मिळते का, एवढाच त्या प्रयोगाचा प्रश्न होता.

तुळशीवृंदावन
मी श्रद्धावान आहे, आणि वरचे सगळे आकडे मला मान्य आहेत. पण धागा कुठे चालला आहे ते पाहा. मुलाचा प्रश्न देवाचा आहे आणि तुम्ही सगळे मंगळ पाडताय. मंगळ पडल्याने विठ्ठल पडत नाही. नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करावा, हे खुद्द तुकोबांनी विचारलं आहे. भाबडेपणावर आसूड ओढून भक्ती करणारे लोक आपल्याकडे चारशे वर्षांपासून आहेत.

शिवाय देव न मानणं हे परंपरेबाहेरचंही नाही. चार्वाकांनी तर सगळंच नाकारलं. अभिजात सांख्य ईश्वराशिवाय उभं राहतं, पूर्वमीमांसा यज्ञ मानते पण जग निर्माण करणारा ईश्वर तिला लागत नाही, जैन दर्शनातही जगाचा कर्ता नाही. घरी कुणी "आपल्यात असं चालत नाही" म्हणालं तर हे नम्रपणे सांगता येईल. मात्र वारीला वीस दिवस चालणाऱ्या माणसाला "तुझी श्रद्धा सिद्ध कर" असं म्हणू नका. तो पुरावा गोळा करायला चालत नसतो.

अर्धविराम
तुळशीवृंदावन, मान्य. पहिल्या शंकेवरच आपण जास्त रेंगाळलो. उरलेल्या तिन्हींवर बोलू या.

कोकणकडा
दुसरीकडे वळण्याआधी नवस राहिला, कारण घरातल्या वादात तोच सर्वात आधी येतो. "नवस बोलले आणि ताप उतरला." याला उत्तर म्हणजे चार चौकोन. नवस केला–गुण आला, नवस केला–गुण आला नाही, नवस नाही–गुण आला, नवस नाही–गुण नाही. आपल्या आठवणीत फक्त पहिला चौकोन भरलेला असतो. उरलेल्या तिन्हींत किती माणसं आहेत हे कळल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

दुसरं, माणूस नवस बोलतो तो दुखणं सर्वात वाढलेलं असताना. बरीचशी दुखणी त्या टोकावरून आपोआप खाली येतात. त्या टोकाला जे काही केलं असेल, काढा, अंगारा किंवा डॉक्टर बदलणं, श्रेय त्याला मिळतं.

मांडताना एक चूक हमखास होते. आईने केलेल्या नवसाचंच उदाहरण घेतलं जातं. ते कधीही घेऊ नये. त्या नवसात तिची रात्रीची जागरणं असतात, आणि तुम्ही चौकोन काढायला घेतलेत की तिला वाटतं, आपली जागरणंच खोटी ठरवली.

चहाबिस्किट
१९९५ चं दूध अजून धाग्यावर आलं नाही, आश्चर्य आहे!

खडूफळा
आलंच म्हणून समजा. २१ सप्टेंबर १९९५, देशभर गणपती दूध प्यायले. हा प्रयोग घरात करून दाखवण्यासारखा आहे. आजीच्या हातूनच करावा.

पाच मिलीचा चमचा दुधाने काठोकाठ भरायचा. सोंडेला आधी ओलं बोट लावायचं, मग चमच्याची कड टेकवून किंचित तिरपा धरायचा. पृष्ठताणामुळे दूध काठावर फुगून उभं असतं. ओल्या सोंडेला टेकलं की ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, म्हणून "प्यायला" असं वाटतं. आता दुधात बीटाचा रस घाला, मूर्ती ताटात ठेवा आणि दहा चमचे पाजा. लाल ओघळ उतरताना दिसेल आणि ताटातून चाळीस-पंचेचाळीस मिली परत मोजता येईल. बाकीचं मूर्तीवर आणि चमच्याला चिकटलेलं असतं.

फसतं कधी? मूर्तीला तेलाचा हात असेल तर दूध पसरत नाही, थेंब होऊन गळतं. चमचा अर्धाच भरला असेल तर दूध कडेपर्यंत पोचत नाही. आणि पूजेतली मूर्ती मुळीच घेऊ नये. नळाची तोटी किंवा मातीचा हत्ती घ्यावा. तोटीही तितकंच दूध पिते.

मेघना_पार
आता न्यायाच्या शंकेबद्दल. माझ्या मते तरुणांची सर्वात खरी शंका हीच असते आणि सर्वात कमी बोलली जाते. देव सर्वशक्तिमान आहे, दयाळूही आहे, मग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात झोपेत गाडली गेलेली लेकरं? यावर घरी तीन उत्तरं मिळतात आणि तिन्हींचा विचार आधी करून ठेवावा.

"पूर्वजन्मीचं कर्म." हे ना तपासता येतं, ना खोडता. त्याहून गंभीर म्हणजे ज्याला त्रास होतोय त्यालाच ते दोषी ठरवतं. जातीची उतरंड याच युक्तिवादावर शतकानुशतकं टिकली, हे शांतपणे सांगावं.

"देव परीक्षा पाहतो." दोन महिन्यांच्या बाळाची कसली परीक्षा?

"देवाची लीला माणसाला कळत नाही." हे तिघांत सर्वात प्रामाणिक उत्तर आहे. पण मग देव दयाळू आहे हे तरी कसं कळलं, असा साधा प्रश्न उरतो.

एक पथ्य मात्र पाळावं. घरात नुकतं कुणी गेलं असेल तेव्हा हा विषय काढू नये. दहाव्याला पिंडाभोवती सगळे कावळ्याची वाट पाहत असताना तर नाहीच नाही. ती वेळ दुःखाची असते.

तुळशीवृंदावन
मेघना_पार, तिसऱ्या उत्तरावरचा तुमचा प्रश्न माझ्याकडेही अनुत्तरित आहे. श्रद्धावानांनी तो अनुत्तरित आहे हे कबूल करावं, असं मला मनापासून वाटतं. मुलगा अर्ध्या वाक्यावर असताना "तोंड सांभाळ" म्हणण्यापेक्षा "मलाही कळत नाही रे" म्हणणं खूप चांगलं.

निंबोणी
प्रथेबद्दल. मुलींची शंका बहुतेक इथूनच सुरू होते, पुस्तकातून नाही. बारा-तेराव्या वर्षी अचानक "आज लोणच्याला शिवू नकोस." इथे देव आहे की नाही या वादात शिरूच नये. प्रश्न इतकाच ठेवावा: ज्या पाळीमुळे आपण सगळे जन्मलो ती अपवित्र कशी? यावर अनेक श्रद्धाळू आयाही तुमच्या बाजूने उभ्या राहतात.

प्रथा बदलतात, ही यातली सर्वात उपयोगी गोष्ट. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं झालं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या त्या एप्रिल २०१६ मध्ये, गुढीपाडव्याला. प्रत्येक वेळी आधी "कोप होईल" असं म्हटलं गेलं. नंतर दर्शनाची रांग तेवढी लांब झाली.

मांडवीतीर
गोव्यातून लिहितोय, म्हणून कॅथलिक घरातल्या मुलांसाठी. तिथे ही शंका कन्फर्मेशनच्या (श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) वर्गात उघडी पडते, कारण बाप्तिस्म्यात आई-वडिलांनी दिलेली वचनं तिथे स्वतःच्या तोंडाने पुन्हा द्यायची असतात. चर्चच्या नियमातच आहे की कळत्या वयाचा उमेदवार तयारीचा असावा आणि ती वचनं देऊ शकणारा असावा. म्हणून "मला अजून खात्री नाही, मी यंदा थांबतो" हे वाक्य बंडाचं नाही, त्या नियमाचा मान राखणारं आहे. फादरना ते वर्ग सुरू होतानाच एकांतात सांगावं. कपडे शिवून झाल्यावर आणि पाहुण्यांना आमंत्रणं गेल्यावर सांगितलं तर घर दुखावतं, मग मुद्दा कितीही बरोबर असो.

दूरचा_दिवा
मुस्लिम घरांतल्या तरुणांना वरचे सगळे उपाय जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांच्यापुढे दुहेरी पेच असतो: घरात शंका बोलावी तर मोहल्ला तुटतो, बाहेर बोलावी तर ती शंका इतर लोक आपल्या द्वेषासाठी वापरतात. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी हा पेच पुरता ओळखला होता. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला तो अवघ्या सात मुस्लिम महिलांचा. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. त्यांनी सुरुवात केली ती तोंडी तलाकपासून, म्हणजे ज्यात खऱ्या बाईचं खरं नुकसान होतं तिथून. अल्ला आहे की नाही इथून नाही. हा क्रम आजही उपयोगी पडतो.

आणि शिक्षण, राहणं, जेवण घरावर अवलंबून असेल तर सगळं आजच बोलायलाच हवं असं नाही. गप्प राहणं म्हणजे ढोंग नव्हे. एक विश्वासाचं माणूस शोधावं, बहीण, मामा, शिक्षक, कुणीही. फोनवरचं लिखाण घरच्या सामायिक उपकरणात ठेवू नये. कुठल्याही धर्माच्या घरात मारहाणीची भीती असेल तर आधी राहण्याची सोय, मग चर्चा.

कलमवाला
थोडं कायद्याचं, कारण धमक्या आणि अफवा दोन्ही फार ऐकू येतात.

संविधानाचं कलम २५ सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, म्हणजे न मानण्याचंही. कलम ५१क(ज) वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवतं. कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. पण विद्यार्थी अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर संमती पालकांची धरतात, हे विसरू नका.

"देव मानत नाही म्हणजे तू हिंदू राहिला नाहीस, इस्टेटीत वाटा नाही" ही धमकी पोकळ आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा लागू होण्यासाठी श्रद्धा तपासत नाहीत.

विधीशिवाय लग्न करायचं तर विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस लावली जाते, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा. नोटीस कार्यालयात उघड लावली जाते, हे लक्षात ठेवून घरी आधीच सांगितलेलं बरं.

स्टेटस टाकताना जपा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना हेतुपुरस्सर, द्वेषबुद्धीने दुखावण्याबद्दल आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शंका मांडणं गुन्हा नाही, पण मूर्तीची विटंबना करणारं चित्र पुढे ढकलणं अंगाशी येऊ शकतं. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदाही देव मानण्याविरुद्ध नाही. तो फसवणूक आणि अघोरी प्रकारांविरुद्ध आहे, त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. आजीला हे सांगा, तिचा मोठा गैरसमज दूर होईल.

सातमाळा
अवांतर, पण "आजकालची पोरं" म्हणणाऱ्यांसाठी. लोकहितवादींनी १८४८ मध्ये शतपत्रं लिहायला घेतली तेव्हा ते पंचविशीत होते. जोतीरावांनी मुलींची शाळा काढली तेव्हा एकविशीत. आगरकर ३९ व्या वर्षी वारले, म्हणजे त्यांचं सगळं लिखाण तरुणपणातलंच, आणि जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली ती याच पुण्याने. आजकालच्या पोरांचा हा रोग असेल तर पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

पहिलटकर
सगळा धागा वाचला. फार उपयोग झाला. पण माझा प्रश्न छोटा आहे. आरतीच्या वेळी नेमकं करायचं काय? उभं राहिलं तर खोटं वाटतं, नाही राहिलं तर आजी जेवत नाही.

अर्धविराम
मूळ प्रश्नावर आणल्याबद्दल आभार. माझी सूचना: आरतीच्या वेळी सांगूच नका. आठवडाभर आधीच, एखाद्या दुपारी, आजी निवडण-टिपण करत असताना एकटीशी बोला. वाक्यं तीनच. "मला देवाबद्दल प्रश्न पडलेत." "तुझ्या श्रद्धेचा मला मान आहे." "मी घरातून कुठे जात नाहीये." तिसरं वाक्य सर्वात महत्त्वाचं, कारण तिची भीती देवापेक्षा तुम्हाला गमावण्याची असते. पहिल्या दिवशी पुरावे देऊ नका. ती विचारेल तेव्हा द्या. कदाचित सहा महिन्यांनी विचारेल.

आरतीला उभं राहायचं ठरवलंत तर ते घरच्यांसोबत उभं राहणं आहे, असं स्वतःशी स्पष्ट असू द्या. हात जोडायचे की टाळ्या वाजवायच्या हे तुमचं तुम्ही ठरवा.

खडूफळा
थोडा मतभेद. ज्याला उभं राहणं खरंच खोटं वाटतं त्याने उभं राहू नये. पण मग त्या वेळी मोबाइल घेऊन खोलीत बसू नये, ते टोचतं. स्वयंपाकघरात पानं वाढायला घ्यावीत.

तुळशीवृंदावन
मलाही हेच सुचवायचं होतं. सणाची निम्मी कामं देवाची नसतातच. मखर, पाहुण्यांचं चहापाणी, निर्माल्य वेगळं काढून खताच्या खड्ड्यात टाकणं, शाडूची मूर्ती बादलीत विसर्जित करून ती माती पुढच्या वर्षासाठी ठेवणं. यांतलं एखादं काम दरवर्षी आपल्याकडे घ्या आणि ते कधी चुकवू नका. आणि पहिलटकर, आजी जेवली नाही तर तिच्या शेजारी पान मांडून बसा. न बोलता.

पहिलटकर
मोदकांचं काम घेतो मग. उकड दरवर्षी फुटते आमच्याकडे, त्यावर काही?

पाटीपेन्सिल
वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, त्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करून पिठी घालायची, ढवळायचं आणि झाकण ठेवून दहा मिनिटं वाफेवर सोडायची. मळायची मात्र गरम असतानाच. गार झाली की कळ्या घेताना तडकते. फुटते ती बहुतेक याच कारणाने.